नालसाहेबाचा पिराजी

पिंगळी स्टेशनच्या बाहेर आमच्या गावाकडं जाणारी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. भरली म्हणजे आपल्याला वाटतं तशी नव्हे, ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना दोन माणसं अर्धी बाहेर लटकली म्हणजे भरली. तोवर तो बाबा रस्त्यात उभा राहून ओरडत असतो, "एक सवारी! बस, एक सवारी कमी हाय!" मी मागच्या बाकावर कुणाच्या तरी टोपलीला गुडघे टेकवून बसलेली असते आणि दर वेळी मला पिराजीतात्या आठवतो. त्याच्यादेखत कुणी माणसाला सवारी म्हटलं की तो चिडायचा. "आरं, सवारी कुनाला म्हनतोस? ह्यो तर गिरनीवाला बबन हाय," असं म्हणून तो बबनला धरून दाखवायचा. बबन बिचारा ओशाळून जायचा.

जन्मभर मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळं शब्द दिसला की त्याची कूळकथा काढायची खोड मला आहे. सवार म्हणजे घोड्यावर बसलेला. शब्द फारसीतून आला आणि मराठीत त्याची स्वारी झाली. राजा लवाजमा घेऊन बाहेर पडला तर ती स्वारी, फौज घेऊन दुसऱ्याच्या मुलखात घुसला तरी स्वारीच. माझ्या सासूबाई सासऱ्यांचं नाव घेत नसत, "स्वारी जेवून गेली" म्हणत, आणि सासरे तर सायकलवरही धड बसत नव्हते. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या भागात मूळचा 'सवारी' तसाच राहिला. मोहरमच्या दहा दिवसांत उंच काठीला लावलेली पितळेची, चांदीची निशाणं गावात बसवतात, त्या निशाणाला आमच्याकडं सवारी म्हणतात. ते घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीला सवारी म्हणतात आणि ते धरणाऱ्या माणसालाही सवारीच म्हणतात. एका शब्दावर इतके जण बसलेले, की त्याचीच रिक्षा झाली म्हणायची.

आमच्या गावची सवारी नालसाहेबाची. घोड्याच्या नालेच्या आकाराचं चांदीचं निशाण, खाली हिरवं-लाल वस्त्र, मोरपिसांचा झुबका आणि फुलांचा सेहरा. गावात पूर्वी दोन मुसलमान घरं होती. ती माझ्या लहानपणीच परभणीला गेली, पण नालसाहेब गावातच राहिले आणि त्यांचं सगळं गावानं केलं. यात काही विशेष आहे हे मला शहरात गेल्यावर लोकांनी सांगितलं, तोवर मला ते माहीतच नव्हतं.

पिराजीतात्या आमचा शेजारी. त्याच्या आईची लेकरं जगत नव्हती म्हणून तिनं नालसाहेबाला नवस केला, तेव्हा हा झाला आणि जगला. पिराचा म्हणून पिराजी. उंच, सडसडीत माणूस. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर, धोतर गुडघ्याच्या जरा खाली आणि चालताना मान अशी ताठ, की विहिरीवर जातोय का जुलुसात हे कळू नये. शीवेला लागून त्याचं कोरडवाहू शेत होतं. मोहरमचा चांद दिसला की तो पायातलं पायताण काढायचा ते दहावीनंतरच घालायचा. त्या दिवसांत खाटेवर झोपायचा नाही, सोनाकाकूशी, म्हणजे त्याच्या बायकोशी, भांडायचा नाही. सोनाकाकू म्हणायची, "वर्सातले धा दिस माजं सौंसाराचं सुक."

मी एकदा तात्यावर माझी विद्वत्ता पाजळली होती. म्हटलं, "तात्या, तुम्ही जुलूस जुलूस म्हणता, पण अरबीत जुलूस म्हणजे बसणं. बादशहा तख्तावर बसला तो जुलूस. मग त्या आनंदात लवाजमा निघाला तोही जुलूस. आणि आता नुसत्या चालणाऱ्या लोकांनाच जुलूस म्हणतात. शब्द बसलेला होता, उठून चालायला लागला." तात्या कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

"मग त्यात काय इपरीत हाय माय? आमची सवारी बी आदी बसती, मग उटती, मग ठंडी व्हती. बसल्याबिगर उटायचं कसं?"

"आणि सवार कोण यात? तुम्ही का नालसाहेब?"

"त्ये मला इचारू नको. खांदा माजा दुकतो, येवडं म्हायती हाय."

सवारी ठंडी होणं म्हणजे दहाव्या दिवशी निशाण धुऊन, कापडात गुंडाळून वर्षभरासाठी पेटीत ठेवणं. हे झालं की गाव सुटकेचा श्वास टाकायचं आणि तात्या दोन दिवस तापानं पडायचा.

तात्याचा एक हट्ट सगळ्या गावाला माहीत होता. डोळ्यानं बघितल्याशिवाय तो कशालाच हो म्हणायचा नाही. मुलीला स्थळ आलं पालमकडचं. मध्यस्थानं घराची, मुलाची तारीफ केली, ती याला पटेना. हा गुपचूप एसटीनं तिकडं गेला आणि मुलाच्याच दारात जाऊन म्हणाला, मी बैल बघायला आलोय. मुलाच्या बापाला खरंच एक बैल विकायचा होता. त्यानं बैल दाखवला, भाकरी खाऊ घातली. तात्यानं बैलही बघितला, मुलगाही बघितला आणि तिसऱ्या दिवशी बैल घेऊनच घरी आला. सोनाकाकू कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, सोयरीक बगायला गेलाव का बाजार करायला?" तात्या म्हणाला, "ज्यांनी बैलाच्या अंगावर काटी उमटू दिली न्हाई, त्यांच्या घरात पोरगी द्यायला काय हरकत हाय?" ती पोरगी सुखात आहे. बैलही बरीच वर्षं टिकला.

आता दुसरी आठवण सांगते. माझे वडील परभणीला दवाखान्यात वारले. गावात निरोप पोचला तेव्हा तात्यानं विचारलं, "कोन म्हनतंय?" लोकांनी सांगितलं. त्यानं सोनाकाकूला भाकरी टाकायला लावल्या, डब्यात वडलांना आवडणारी शेपूची भाजी घातली आणि एसटी धरून दवाखान्यात आला. आम्ही सगळे व्हरांड्यात रडत बसलेलो. हा डबा हातात घेऊन आत गेला, चादर बाजूला केली, वडलांच्या कपाळावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच बघत राहिला. मग तिथंच फरशीवर खाली बसून त्यानं हंबरडा फोडला. डबा मी घरी आणला. तो उघडायचा धीर कुणाला झाला नाही.

हाच हट्ट चांदाच्या बाबतीत. महिन्याची कोर दिसायच्या दिवशी तो संध्याकाळी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर चढायचा. मुठीत गुळाचा खडा असायचा. कोर दिसली की हात जोडायचे आणि मग गूळ तोंडात टाकायचा. मोहरमची कोर त्यानं सांगितल्याशिवाय गाव मानत नसे. त्याची नजर होतीच तशी. आम्ही डोळे ताणताणून बघत असायचो आणि हा शांतपणे म्हणायचा, "त्या हिवराच्या शेंड्याच्या बोटभर वर बगा." तिथं ती असायची.

आता दस्तगीरचाचाबद्दल सांगायला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय तात्याची गोष्ट पुरी होत नाही. ओढ्यापलीकडच्या गावात मौलाअलीचा पंजा, म्हणजे हाताच्या पंजाच्या आकाराचं निशाण, बसायचा, तो दस्तगीर पिंजारी धरायचा. बुटका, दाढीत सदैव कापसाची पिंजण अडकलेला, बडबड्या माणूस. दहाव्या दिवशी दोन्ही गावांच्या सवाऱ्या शीवेवर यायच्या. ओढ्याच्या काठाला शीवेचा एक धोंडा आणि त्याच्यावर सावली धरलेलं हिवराचं झाड आहे, तिथं नालसाहेब अलीकडं आणि पंजा पलीकडं उभा राहायचा. आमची म्हातारी माणसं सांगायची, हे दोघं भाऊ, वर्षातून एकदाच भेटतात. हलगी आणि ताशा एकदम चढायचा, दोन्ही काठ्या हळूहळू वाकायच्या आणि वर निशाणाला निशाण टेकायचं. सेहऱ्यांची फुलं एकमेकांत अडकायची. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. ही भेट झाल्याशिवाय सवारी ठंडी करायची नाही असा दंडक होता.

आणखी दोन दंडक होते. सवारीला आवतण धाडायचं नाही, ती आपणहून येते. आणि त्या दहा दिवसांत सवारी धरणाऱ्यानं शीव ओलांडायची नाही. पाय धोंड्याच्या आपल्याच बाजूला ठेवायचा.

सवाऱ्यांची भेट व्हायच्या आधी या दोघांची व्हायची, ती तोंडानं. आमच्या गावाहून वाट चिखलाची, म्हणून नालसाहेब नेहमी मागून पोचायचे. आम्ही ओढ्याजवळ आलो की पलीकडून दस्तगीरचाचा ठरलेलं ओरडायचा, "क्या पिराजी, इत्ता देर? नाल घिस गयी क्या?"

आणि तात्या अलीकडून ठरलेलं उत्तर द्यायचा, "घिसली न्हाई रं, तुजं थोबाड बगायचं म्हनून लाजली!"

दोन्ही गावं दर वर्षी हसायची, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. मग मलिदा, सरबत, आणि सगळं आटोपल्यावर दोघं धोंड्याच्या दोन बाजूंना बसून बिडी ओढायचे. एरवीही त्यांचं जाणं-येणं होतं. थंडीच्या आधी तात्याची रजई दस्तगीरकडं जायची, तो कापूस नवा पिंजून, भरून परत धाडायचा. बाजारात भेटले तर एकाच चहात दोघं. पण भेट म्हणायची ती शीवेवरचीच.

ज्या वर्षी ती चुकली त्या वर्षी मी गावातच होते. पोळ्याला आले होते, राहिले. अमावास्या होऊन गेली होती आणि कोर दिसायची संध्याकाळ होती. आभाळात ढगांचे तुकडे होते. तात्या, माझा भाऊ उत्तम आणि आणखी चारसहा जण माळवदावर चढलेले. मी खाली सोनाकाकूपाशी ज्वारी निवडत बसले होते. वरून एकदम गलका झाला, "दिसला! दिसला!" मग तात्याचा आवाज आला.

"कुटं?"

"त्यो काय तात्या, हिवराच्या उजवीकडं. ढगाच्या फटीत."

"त्यो ढगच हाय."

"आवं न्हाई तात्या, कोर हाय."

"मला दिसंना म्हंजे न्हाई. उगं हाळी देऊ नका."

जरा वेळानं ढग सरकले तोवर कोर बुडालेली. उत्तम म्हणाला, "तात्या, परभणीत जाहीर झालंय म्हनं. फोनवर आलंय बगा."

"फोनला डोळे हायेत का, उत्तम?"

"पर पलीकडच्या गावानं धरला आसंल की."

"दस्तगीर हाय ना तिकडं? त्यो बी बगूनच धरतो. जे मला दिसंना, ते त्याला कुटून दिसंल?"

 तात्यापुढं चांदाच्या बाबतीत बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि आवतण धाडायचं नाही या दंडकामुळं पलीकडं विचारायलाही कुणी गेलं नाही. तो खाली उतरला तेव्हा गुळाचा खडा मुठीतच होता, हाताला चिकटून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कोर बघितली आणि गूळ खाल्ला. दुसऱ्या दिवशीची कोर जाड असते, ती कुणालाही दिसते.

आमच्या दहावीला नालसाहेब निघाले. गणपतीच्या मंडळानं भोंगा बंद ठेवला. वाटेत बायका काठीच्या बुंध्याशी पाणी ओतत होत्या, लेकरांना निशाणाखालून काढत होत्या. तात्या नेहमीसारखा ताठ चालला होता. आम्ही ओढ्यापाशी पोचलो, हलगी थांबली. पलीकडून कुणी हाक मारली नाही.

पलीकडं कुणीच नव्हतं.

तात्याला त्याचा आनंदच झाला. "आज पयल्यांदा आपन आदी," तो म्हणाला. काठी छातीशी धरून धोंड्याच्या अलीकडं उभा राहिला. लोक बसले. ऊन हिवराच्या या अंगावरून त्या अंगाला गेलं. कुणी म्हणालं, चिखल आसंल. कुणी म्हणालं, चाच्याला बरं नसंल. हलगीवाल्यानं मधून दोनचार ठोके मारून बघितले, मग त्यानंही हलगी उलटी करून ठेवली. मलिद्याला मुंग्या लागायला लागल्या म्हणून तो वाटून टाकला. तात्याला लोकांनी म्हटलं, जरा टेका, काठी दुसऱ्याच्या हाती द्या. त्यानं मानेनं नको म्हटलं. त्याचा उजवा खांदा थरथरत होता हे मला मागून दिसत होतं.

दिवस कलला तेव्हा पलीकडून एक बाई शेळ्या घेऊन आली. आम्हाला बघून थबकली. काठीकडं बघून तिनं आधी हात जोडले.

"कुनाची वाट बगायलाव, बाबा?"

"तुमची सवारी कवा निंघाली?" तात्यानं विचारलं.

"आमची तर काल झाली की. सकाळच्याला ठंडी बी झाली." बाईला काय बोलून बसले असं झालं. पण सुरू केलं होतं, आता थांबवता येईना. "दस्तगीरचाचा दिस बुडस्तोवर हितंच उबे व्हते बगा. लोकं म्हनली चला आता, तर म्हनले, पिराजी आल्याबिगर कसं जावं."

तात्यानं विचारलं, "त्याला चांद दिसला व्हता?"

"व्हय की. त्यांनीच तर दावला समद्यांला."

 मग तात्यानं मान खाली घातली आणि धोंड्याकडं बघितलं. धोंड्यावर सेहऱ्याची एक माळ पडलेली होती, कालची, सुकलेली. आम्ही आल्यापासून ती आम्हा सगळ्यांना दिसत होती. असेल कुणाची म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. तात्यानं वाकून अगदी जवळून बघितली, तेव्हा मला कळलं की ती त्याला आत्ता दिसली.

नालसाहेब भेटीवाचून परत आले. तात्यानं सवारी ठंडी करू दिली नाही. दोन दिवस ती तशीच जागेवर उभी होती आणि हा तिच्यापुढं भिंतीला पाठ लावून बसून होता. शेवटी गावातल्या जाणत्यांनी हात जोडून सांगितलं, तात्या, फुलं सडली, आता ठेवू दे. त्यानं स्वतःच निशाण धुतलं, कापडात गुंडाळलं. त्या वर्षी त्याला ताप आला नाही. सोनाकाकू म्हणाली, ताप आला असता तर बरं झालं असतं, कुठंतरी निघून गेलं असतं.

नंतर कितीदा तरी तो उंबऱ्यात बसून आधी एक डोळा हातानं झाकायचा, मग दुसरा, आणि कोनाड्यातल्या दिव्याकडं बघायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. हे त्याला आधी जाणवलंच नसेल का? मला वाटतं जाणवलं असणार. पण ज्या माणसाची गावात पत एकाच गोष्टीवर उभी आहे, तो ती गोष्ट गेली हे स्वतःलासुद्धा कसं सांगणार?

त्यानं बाजाराला जाणं सोडलं. का, तर बाजारात दस्तगीर भेटेल. थंडी सुरू झाली तरी रजई पाठवली नाही, गोळे झालेल्या कापसातच कुडकुडत राहिला. दस्तगीरचाचानं कुणाबरोबर तरी निरोप धाडला, "पिराजी की रजई कू क्या हुआ? नक्को करके बैठा क्या?" तात्यानं उलट निरोप धाडला, आता मोहरमला शीवेवरच बोलू.

उत्तम त्याला म्हणाला, "तात्या, आत्ता गाडीवर बसा, पंधरा मिंटात जाऊन यिऊ. मोहरमला लय टाईम हाय." तात्या म्हणाला, "भेट शीवंवर चुकली. आता तोंड बी शीवंवरच दावायचं. घरी जाऊन काय सांगू, मला दिसत न्हाई म्हनून?"

माघाच्या थंडीत दस्तगीर पिंजारी गेला. छातीत कळ आली आणि दुकानातच कापसावर आडवा झाला. आमच्याकडं निरोप दुपारी आला. तात्यानं या वेळी "कोन म्हनतंय?" असं विचारलं नाही. उत्तमच्या गाडीवर मागं बसून तो ओढ्यापलीकडं गेला. पण त्यांच्यात उशीर करत नाहीत, हे पोचले तेव्हा माती देऊन माणसं परत फिरली होती. कब्रस्तानात ओल्या मातीचा ढीग होता आणि त्यावर कुणीतरी हिरवी फांदी खोचली होती. उत्तम सांगत होता, तात्या त्या ढिगाभोवती फिरला, वाकून वाकून बघितलं, आणि परत येताना गाडीवर एकच वाक्य बोलला.

"म्या काय बगितलं? माती बगितली."

हे मी फोनवर ऐकलं आणि मला वडलांच्या वेळचा तो डबा आठवला.

उन्हाळ्यात तात्यानं मुकाट्यानं परभणीला येऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. माझ्याच घरी राहिला होता. पट्टी निघाली त्या दिवशी गॅलरीत उभा राहून समोरच्या गच्चीवरची वाळत घातलेली लुगडी, कावळा, लांबच्या टाकीवरची अक्षरं, सगळं बघत होता. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "तात्या, झालं ना आता लख्ख?"

"लय लख्ख झालं माय. समदं दिसायलंय." चहा त्यानं कठड्यावर ठेवला. "आता काय करू दिसून?"

 मी आत निघून आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

मग पुढचा मोहरम आला. चांदाच्या संध्याकाळी तो माळवदावर चढला खरा. कोर त्यालाच आधी दिसली, पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. गावानं आता फोनवरच धरायचं ठरवलेलं होतं. गुळाचा खडा त्यानं खाली येऊन डब्यात परत टाकला. सवारी धरायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "माज्या डोळ्यानं नालसायबाची भेट चुकली. म्या हात लावनार न्हाई." मग त्याच्या पुतण्यानं, बालाजीनं काठी धरली. बालाजी धष्टपुष्ट गडी, ऊस तोडायला जाणारा, पण काठी हातात घ्यायच्या आधी त्यानंही तिच्या बुंध्याशी डोकं टेकवलं.

दहावीच्या सकाळपासून गावात एकच चर्चा. पलीकडच्या गावात पंजा बसलाच नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. दस्तगीरची पोरं पुण्याला गाद्यांच्या कारखान्यात, धरणारं कुणी नाही, पंजा पेटीतच राहिला. मग शीवेवर जायचं कशाला? भेट कुणाशी? कुणी म्हणालं, नुसतं जाऊन धोंड्याला टेकवून येऊ. कुणी म्हणालं, धोंड्याला टेकवायला नालसाहेब काय नांगर आहेत? तात्याला विचारावं म्हणून माणूस घरी पाठवला तर तात्या घरी नव्हता. सोनाकाकू म्हणाली, न्याहारी न करताच गेलेत, कुठं ते सांगितलं नाही.

शेवटी नालसाहेब निघाले. निघायची पद्धत आहे म्हणून निघाले म्हणायचं. मी सोनाकाकूचा हात धरून मागून चालले होते. चिखल होताच, उशीर झालाच. हिवराचं झाड दिसायला लागलं तेव्हा पुढची माणसं एकाएकी थांबली. मी टाचा उंचावून बघितलं.

शीवेच्या धोंड्याच्या पलीकडच्या बाजूला तात्या उभा होता. जन्मात त्या दहा दिवसांत ज्यानं शीव ओलांडली नाही तो पिराजीतात्या, दस्तगीरचाचा उभा राहायचा नेमक्या त्या जागी, आमच्याकडं तोंड करून उभा होता. अनवाणी. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. काठी नव्हती, पण दोन्ही मुठी छातीशी एकावर एक अशा धरलेल्या, जशी काठी धरतात. खांद्याला गुंडाळलेली रजई लटकत होती, तीच, गोळे झालेल्या कापसाची.

बालाजी नालसाहेबांना घेऊन धोंड्यापर्यंत गेला. हलगीवाल्याला वाजवावं की नाही कळेना, त्याचा हात वरच राहिला. तात्यानं आमच्याकडं बघितलं. त्याला आता सगळं लख्ख दिसत होतं, एकेक माणूस दिसत असणार. त्यानं मान जराशी मागं टाकली, दस्तगीरचाचा टाकायचा तशी, आणि त्याच आवाजात, तसंच ओरडून म्हणाला,

"क्या पिराजी, इत्ता देर? नाल घिस गयी क्या?"

सोनाकाकूनं माझा हात घट्ट आवळला. बालाजी कावराबावरा होऊन मागं बघायला लागला. कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे होतं, ते सगळ्या गावाला पाठ होतं, मलाही होतं. पण ते द्यायचा मान ज्याचा तो पलीकडं उभा होता आणि कान देऊन अलीकडची वाट बघत होता.